लाइटीचं काय ते विचारा : माळावरच्या कॅरॅव्हॅन पार्कची वायरिंग

२०२१ मध्ये राज्याच्या पर्यटन खात्याचं कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्यांचं, धोरण आलं तेव्हापासून कोल्हापूरकडच्या बऱ्याच जणांच्या डोक्यात अशा गाड्या लावायचा पार्क काढायचा धंदा घोळतोय. या वेळी निवडलेले सगळे प्रश्न त्याच्याच लाइटीबद्दलचे आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, पण ते पूर्ण वाचा, कारण पुढच्या उत्तरांत तेच परत लागणार आहे.

प्रश्न : नमस्कार काका. पन्हाळ्याच्या बाजूला आमची दीड एकर माळजमीन आहे, चार बोटं माती आणि खाली जांभा, त्यामुळं ऊस काय होत नाही. तिथं १२ कॅरॅव्हॅन लागतील असा पार्क काढायचाय. गावातला वायरमन म्हणतो थ्री फेज मीटर घेऊ, पोलावरनं वायर ओढू आणि प्रत्येक जागेला घरच्यासारखा एकेक बोर्ड देऊ, लई खर्च नाही. मुलगा म्हणतो की याचे नियम वेगळे असतात. शेवटची जागा मीटरपासून १४० मीटरवर पडते. काय करावं? (पन्हाळा तालुक्यातल्या एक वाचक)

उत्तर : ताई, मुलगा बरोबर सांगतोय. वायरमन वाईट आहे असं नाही, पण "घरच्यासारखा बोर्ड" इथंच सगळं चुकतंय.

घर जमिनीवर उभं असतं, आणि त्याची वायरिंग कोणी केली, अर्थिंग कुठं आहे, हे तुम्हाला ठाऊक असतं. कॅरॅव्हॅन म्हणजे रबरी टायरवर ठेवलेली पत्र्याची खोली, ती आज पुण्याहून येणार, उद्या बेळगावहून, आणि आत कोणी काय जोडलंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही. समजा आत एखादी फेजची वायर घासून बॉडीला टेकली आणि गाडीचं अर्थिंग तुटलेलं आहे. टायर रबराचे, म्हणजे करंटला जमिनीत जायला वाट नाही, कुठलाच एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, आत दिवे पंखे सगळं नीट चालू, आणि अख्खी गाडी २३० व्होल्ट घेऊन गप्प उभी. मग सकाळी एखादं पोरगं अनवाणी ओल्या गवतावरनं येतं आणि दाराच्या मुठीला हात लावतं. ती वाट तेव्हा तयार होते, त्या पोराच्या अंगातून. म्हणून पार्कवाल्यानं एकच गोष्ट धरून सगळं डिझाइन करायचं : येणारी गाडी खराब आहे असंच समजायचं, आणि तरीही माणूस वाचला पाहिजे.

हे काम एमसीबी करत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, आणि माणसाच्या जिवाला धोका त्याच्या कितीतरी खाली सुरू होतो. आरसीसीबी, ज्याला आपल्याकडं अजून सगळे ईएलसीबीच म्हणतात, तो ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा, म्हणजे त्या एमसीबीच्या आकड्यापेक्षा पाचशे पट बारीक. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का हे तो सतत बघत असतो, फरक ३० मिलिअँपिअर झाला की ०.३ सेकंदाच्या आत आणि फरक पाचपट असेल तर ०.०४ सेकंदाच्या आत त्यानं तोडलं पाहिजे, असं त्याचं मानक सांगतं. कॅरॅव्हॅन पार्कसाठी आयईसी ६०३६४ या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा ७०८ हा वेगळा भागच आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक सॉकेटला स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (आरसीसीबीसारख्या गळती पकडणाऱ्या उपकरणांचं एकत्र नाव) आणि स्वतःचं ओव्हरलोडचं संरक्षण हवं. आपलं वायरिंगचं मानक आयएस ७३२, त्याची २०१९ ची आवृत्तीसुद्धा बरीचशी याच मालिकेच्या धर्तीवर आहे. तर १२ सॉकेट म्हणजे १२ आरसीबीओ, ज्यात दोन्ही कामं एकातच होतात. मेनला एकच मोठा बसवून भागवू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, कारण मग एका गाडीच्या गीझरमधून करंट गळला की बाराही गाड्या अंधारात, आणि रात्री दोन वाजता वैतागलेला माणूस तो आरसीसीबीच बायपास करतो. मेनला लावायचा तो वेगळा, ३०० मिलिअँपिअरचा आणि उशिरानं पडणारा एस टाइप, म्हणजे खालचा आधी पडेल. आणि घेताना दोन गोष्टी बघा : तोडताना फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत, आणि तो ए टाइपचा पाहिजे, कारण गाड्यांत चार्जर इन्व्हर्टर असतात आणि त्यांच्या गळतीतला डीसीचा भाग साध्या एसी टाइपला ओळखता येईलच असं नाही.

आता अर्थिंग, आणि इथं जरा वेळ घेतो, कारण जांभ्याच्या माळावर खरी अडचण हीच आहे. खडकात अर्थिंगचा रेझिस्टन्स कमी यायला मारामारी होते. समजा तुमच्या पिटाचा, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याचा, रेझिस्टन्स २० ओहम आला. गाडीच्या बॉडीला फेज लागला तर करंट किती, २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. तुमचा १६ अँपिअरचा एमसीबी त्याच्याकडं बघणारसुद्धा नाही, तो त्याच्या लेखी साधा लोड आहे. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरी गाडी जिवंतच. म्हणून आरसीडी. पण आरसीडी आहे म्हणून अर्थिंगकडं दुर्लक्ष असंही नको, दोन्ही लागतात.

जुन्या पद्धतीचा मीठ-कोळशाचा एक खड्डा इथं पुरणार नाही. आपल्याकडचा पाऊस मीठ धुऊन नेतो आणि जे उरतं ते पाइप खातं. त्यापेक्षा बोअर मारून तांब्याचा मुलामा दिलेले रॉड घाला, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा, आणि असे तीन-चार रॉड लांब लांब घालून पट्टीनं जोडा. केबलसाठी चर खणणारच आहात तर त्याच चरातनं जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी सगळीकडं फिरवा, तीही जमिनीला टेकून मदत करते. आणि मोजायचं कधी तर एप्रिल-मेमध्ये. जुलैत चिंब झालेल्या मातीत घेतलेलं रीडिंग छान दिसतं पण ते फसवं असतं, जानेवारीनंतर ते तसं राहत नाही.

अजून एक, आणि हे तुमच्या वायरमनला समोर बसवून सांगा. महावितरणचं न्यूट्रल ते न्यूट्रल आणि तुमचं अर्थिंग ते अर्थिंग, दोघांची गाठ तुमच्या आवारात कुठेही मारायची नाही. अर्थिंग नीट मिळेना की सॉकेटमध्येच न्यूट्रलवरनं अर्थच्या पिनेला एक तुकडा टाकायची सवय खूप ठिकाणी आहे. वळवाच्या वाऱ्यात लाइनचं न्यूट्रल तुटलं की चालू असलेल्या बल्बमधून, फ्रिजमधून फेज मागं न्यूट्रलवर येतो आणि त्या तुकड्यावरनं सरळ सगळ्या गाड्यांच्या बॉडीवर. ब्रिटनमध्ये याच भीतीनं न्यूट्रलला जोडलेलं अर्थ कॅरॅव्हॅनला द्यायलाच बंदी आहे. तुमचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असता तर न्यूट्रल तिथं एकाच जागी अर्थ करून पुढं दोन्ही वेगळे नेता आले असते, पण १२ गाड्यांना त्याची गरज पडू नये.

लोडचं बघू. एका जागेला १६ अँपिअर म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट, बारा जागांचे ४४. पण सगळे एकाच वेळी पूर्ण ओढत नाहीत. अमेरिकेच्या कोडमध्ये यासाठी तक्ताच दिलाय, १० ते १२ जागांना ५० टक्के धरायचं. ते प्रमाण घेतलं तर २२ किलोवॅट, थ्री फेजवर वाटून फेजमागं ३२ अँपिअर. ऑफिस, बाथरूमचे गीझर आणि पाण्याची मोटर याच्या वर वेगळे धरा. माझं मत विचाराल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या गाड्यांचे एसी एकदम चालतात, त्यामुळं मीटर घेताना या २२ वर थोडी जागा ठेवा.

केबल १४० मीटर. फेजमागं ३२ अँपिअर आणि १६ स्क्वेअरची (म्हणजे १६ चौरस मिलिमीटरची) अ‍ॅल्युमिनिअम केबल घेतली तर तापल्यावर शेवटी ११ व्होल्टच्या आसपास पडतात, जवळपास पाच टक्के, आणि हे तिन्ही फेज सारखे असताना. एका फेजवर जास्त गाड्या आल्या तर न्यूट्रलमध्ये पडणारे व्होल्ट पण त्यात मिळतात. ३५ स्क्वेअर घेतली तर हाच आकडा पाच व्होल्टवर येतो. म्हणून ३५ ची चार कोअर आर्मर्ड (वर लोखंडी कवच असलेली) घ्या, न्यूट्रल बारीक असलेली साडेतीन कोअरची नको, आणि आर्मर दोन्ही टोकांना अर्थ करा. खांबावरनं वायर ओढायचा विचार सोडूनच द्या. गाड्या फिरतात तिथं आयईसीप्रमाणं वायर ६ मीटर उंच लागते, आणि गाडीच्या टपावर चढून सामान काढणारी माणसं असतात. केबल जमिनीखालून ७५ सेंटिमीटरवर, खाली वर वाळू, वर विटा आणि पिवळी पट्टी. जांभ्यात जिथं तेवढं खोल जाता येत नाही तिथं जाड पाइपातनं नेऊन वर काँक्रीट. आणि चर गाडी लावायच्या जागेखालून कधीच नको, रस्त्याच्या कडेनं न्या, कारण लोक छताच्या दोऱ्या बांधायला लोखंडी मेखा ठोकतात आणि मेख कुठं ठोकावी हे तुम्हाला विचारत नाहीत.

सॉकेट लावायला दोन जागांत एक असे सहा खांब पुरतील, एका खांबावरचे दोन्ही सॉकेट एकाच फेजवर ठेवा आणि खांबाखांबाला फेज बदला. सॉकेट निळे इंडस्ट्रियल, १६ अँपिअरचे, जमिनीपासून अर्धा ते दीड मीटर उंचीवर, गाडीपासून २० मीटरच्या आत. पाणी-धूळ आत शिरू नये म्हणून मानक कमीत कमी आयपी ४४ दर्जा मागतं, पण पन्हाळ्याचा पाऊस आडवा मारतो, डबा आयपी ६५ चा घ्या आणि केबल खालूनच आत घ्या. मेन पॅनलमध्ये सर्ज अरेस्टर (विजेनं आलेला जादा व्होल्टेजचा झटका अर्थमध्ये सोडणारा) बसवा, उघड्या माळावर वळवाच्या विजा असतात. काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या, कायद्यानं तेच लागतं, आणि त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट घेताना प्रत्येक आरसीबीओ किती मिलिसेकंदात पडला हे मीटर लावून तुमच्यासमोर लिहायला सांगा.

प्रश्न : सर, मी नेटवरून अमेरिकन आरव्ही पार्कचं ड्रॉइंग काढलंय, त्यात ५० अँपिअर, ३० अँपिअर आणि २० अँपिअर असे तीन सॉकेट एकाच पेटीत आहेत. खाली एनईसीप्रमाणे असं लिहिलंय. आपल्याकडं पण एनईसी आहे, मग तसंच केलं तर चालेल ना? (उद्यमनगर, कोल्हापूर)

उत्तर : दादा, नाव एक असलं तरी पुस्तकं दोन आहेत. भारतीय मानक ब्युरोचं नॅशनल इलेक्ट्रिकल कोड वेगळं आणि अमेरिकेतलं वेगळं, त्यातलं ५५१ हे कलम आरव्हीचं, म्हणजे तिकडच्या राहायच्या गाड्यांचं. तिकडं घरगुती लाइट १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. त्यांचं ३० अँपिअरचं सॉकेट १२० व्होल्टचं आहे, म्हणजे पॉवर ३.६ किलोवॅट, आपल्या १६ अँपिअरला जेवढी मिळते जवळपास तेवढीच. ५० अँपिअरच्या सॉकेटात १२० च्या दोन वायरी येतात आणि त्या दोघींमध्ये २४०. आपल्याकडं ही रचनाच नाही. ते सॉकेट आणून कोणी आपला २३० चा फेज जोडला आणि एखादी बाहेरून आणलेली अमेरिकन गाडी त्यात लागली, तर आतली १२० ची सगळी उपकरणं काही सेकंदांत जातील, आग पण लागू शकते. अशी गाडी आलीच तर तिला तिचा योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि हर्ट्झ त्यानं बदलत नाहीत हे मालकाला आधीच सांगायचं.

त्या ड्रॉइंगमधून घ्यायचं ते हिशोबाची पद्धत घ्या, पेटी कुठं ठेवली, रस्ता कसा सोडला ते बघा. सॉकेट, व्होल्टेज, वायरींचे रंग मात्र आपलेच. तिकडं काळी वायर फेजला आणि पांढरी न्यूट्रलला वापरतात, आपल्याकडं काळी म्हणजे न्यूट्रल. ड्रॉइंग बघून काम करणाऱ्या पोराची इथं एकच चूक पुरते.

तुम्ही उद्यमनगरात आहात तर पत्र्याचे खांब-डबे तिथंच चांगले बनवून मिळतील. फक्त पावडर कोटिंगच्या आधी अर्थचा बोल्ट वेल्ड करून घ्या आणि दाराला वेगळी अर्थची वेणी द्या, बिजागरीच्या भरवशावर सोडू नका.

प्रश्न : आमच्या राधानगरी रोडच्या कॅम्पवर पावसाळ्यात लाइट दोन-दोन दिवस नसते. जनरेटर आहे. मुलं दोन्ही बाजूला प्लग असलेली वायर करून बोर्डच्या सॉकेटमध्येच घालतात, मेन पाडतात आणि चालवतात. धोका आहे का?

उत्तर : मोठा धोका आहे, आजच बंद करा. प्लगच्या उघड्या पिनांमध्ये २३० असतात हा एक धोका. दुसरा त्याहून वाईट. मेन पाडायला एक दिवस कोणीतरी विसरणार, तुमची लाइट मीटरमधून उलटी लाइनवर जाणार आणि डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) उलट्या बाजूनं चढून हजारो व्होल्ट होणार. त्याच वेळी पावसात लाइन दुरुस्त करायला महावितरणचा माणूस पोलावर चढलेला असेल, लाइन बंद आहे असं समजून.

चेंजओव्हर (लाइन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा स्विच) बसवा, चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलही बदलेल. जनरेटरचं स्वतःचं अर्थिंग करा आणि त्याचं न्यूट्रल जनरेटरपाशीच एका जागी अर्थला जोडा. हे केलं नाही तर जनरेटरवर असताना गळती झाली तरी करंटला परत यायला वाट नाही आणि तुमचे आरसीसीबी मुळीच पडणार नाहीत. वर म्हटलं की न्यूट्रल-अर्थची गाठ मारू नका आणि इथं मारा म्हणतोय, तर फरक हा की ही लाइट जिथं तयार होते तिथली गाठ आहे, लाइनच्या बाबतीत ती महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरवर असते. चार पोलचा चेंजओव्हर असल्यामुळं या दोन्ही गाठी एकमेकींना कधी भेटत नाहीत.

प्रश्न : शिरोळ भागात नदीकाठी जागा आहे, २०१९ ला आणि २०२१ ला पाणी आलं होतं. सॉकेट किती उंचावर घ्यावेत?

उत्तर : सॉकेट उंच घेऊन सुटत नाही, गाडीवाल्याचा हात पोचला पाहिजे. मेन पॅनल आणि मीटर २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या, आणि खालच्या प्रत्येक खांबाची लाइट वरनंच तोडता येईल असे वेगवेगळे ब्रेकर ठेवा. पंचगंगा इशारा पातळीला पोचली की गाड्या हलवायच्या आणि खालचं सगळं बंद करायचं, पाणी आवारात यायची वाट बघायची नाही. पाणी ओसरल्यावर बुडालेले आरसीबीओ वाळवून परत वापरू नका, टाकून द्या. केबल मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) तपासल्याशिवाय लाइट सोडू नका.

प्रश्न : माझी स्वतःची छोटी कॅम्पर व्हॅन आहे. पार्कमध्ये लाइट घेताना मी काय बघू? (राजारामपुरी)

उत्तर : वायर २.५ स्क्वेअरची, तीन कोअरची, रबरी, २५ मीटर, मध्ये जोड नसलेली. रीलवर असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर लोडवर आतल्या आत वितळते. आधी खांबावरचा ब्रेकर पाडा, मग गाडीकडचा प्लग लावा, मग खांबाकडचा, मग ब्रेकर वर. निघताना ब्रेकर पाडून उलट क्रमानं, आधी खांबाकडचा काढा. ब्रेकर वर केला की आरसीडीचं टेस्ट बटण दाबा. पडला नाही तर तिथली लाइट घेऊ नका, पैसे भरले असले तरी. एसी, गीझर आणि इंडक्शन एकदम लावलं तर १६ अँपिअरचा ब्रेकर पडणारच, तिथं पार्कवाल्याला ३२ चा टाक म्हणायचं नाही, एकेक करून वापरायचं.

प्रश्न : काका, आमच्याकडं पाच गाड्यांची सोय आहे. सगळे आरसीसीबी बसवलेत, पण पाऊस सुरू झाला की एक ठरावीक जागेचा पडतोच. वायरमननं तो काढून तिथं साधा एमसीबी लावून दिला, आता पडत नाही. तक्रार मिटली, पण मनाला पटत नाहीये. (गगनबावडा रोड)

उत्तर : तुमच्या मनाला पटत नाहीये ते अगदी बरोबर आहे. त्या जागेवर आज रात्री गाडी लावू देऊ नका.

सुरुवातीच्या काळात मी करवीर तालुक्यातल्या एका गोठ्यावर गेलो होतो. तिथं असाच पावसात पडणारा ईएलसीबी आधीच्या माणसानं काढला होता. दोन आठवडे कोणाला काही झालं नाही. मग एका सकाळी धारेची म्हैस ओल्या लोखंडी खांबाला टेकली आणि तिथंच पडली. मालक तिला उठवायला धावला, त्याच्या पायात रबरी गमबूट होते म्हणून तो वाचला. दोष निघाला तो एका जॉइंटमध्ये, टेप गुंडाळून मातीत पुरलेला जॉइंट, पाणी शिरलं की गळायचा. काढण्याआधी ईएलसीबी दोन महिने रोज तेच सांगत होता.

तुमच्या जागेवरही ७० टक्के मला असाच जॉइंट दिसतोय, नाहीतर सॉकेटच्या मागं वरनं आलेली केबल आणि तिच्यावरनं ओघळून आत येणारं पाणी. शोधायचं असं : गाडी लावू नका, सॉकेट रिकामं ठेवा, आरसीसीबी परत बसवा. रिकामा असताना पावसात पडतोय का बघा. पडत नसेल तर बहुतेक तुमची लाइन ठीक आहे, दोष तिथं लागणाऱ्या गाडीत किंवा तिच्या वायरीत असावा. पडत असेल तर लाइट पूर्ण बंद करून त्या जागेची केबल दोन्ही टोकांना सोडवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा, दोन्ही. न्यूट्रल-अर्थ लोक मोजत नाहीत आणि बऱ्याच वेळा गळती तिथंच सापडते. एक मेगओहमच्या खाली असेल तर केबल किंवा जॉइंट गेलाय, अर्धी अर्धी तोडून मोजत जा म्हणजे जागा सापडेल. केबल चांगली निघाली तर सॉकेटचा डबा उघडा, आत पाण्याचे ओघळ, हिरवट झालेले स्क्रू, मुंग्यांची माती बघा. मोजणी भर पावसातच करा, उघडीप पडल्यावर सगळं वाळतं आणि मीटर चांगलंच दाखवतो. रीडिंग लिहून मला पाठवा, पुढच्या अंकात त्यावरून सांगतो केबल बदलायची की नुसता जॉइंट.